हिरव्या नरकाचे चार वाटसरू

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा तास होता. सहामाही परीक्षा आटोपलेली, मुलांचे चित्त वर्गात नव्हते आणि खरे सांगायचे तर मास्तरांचेही नव्हते. अशा तासाला धडा शिकवणे म्हणजे पाण्यावर रेघ ओढणे. म्हणून मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : 'शूर कोणास म्हणावे?' कोणी सैनिक म्हणाले, कोणी बंबवाले म्हणाले. एका मुलीने हळूच 'आई' असे उत्तर दिले, तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक जण उठला. थोरल्या भावाची मोटारसायकल उडवताना मी त्याला शाळेबाहेर दोनदा हटकलेले. तो म्हणाला, "सर, जो ब्रेक लावत नाही तो शूर!" वर्गाने बाके बडवली. मीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरे फटाक्यांच्या लडीसारखी तडतडत बाहेर पडली.

उत्तर मात्र माझ्याबरोबर घरी आले. फराळाच्या ताटाशी बसलो तरी ते मनातून जाईना. त्या पोराला काहीतरी सांगायला हवे होते, पण काय? वेग वाईट, धाडस वाईट, असा उपदेश केला असता तर त्याने तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिला असता. त्याला पटायची तर त्याच्याच दैवतांची साक्ष काढायला हवी. ब्रेक कमीत कमी लावण्यासाठीच ज्यांची जगात कीर्ती झाली, त्या मोटारशर्यतींच्या थोर स्वारांनाच हा प्रश्न विचारायला हवा. शौर्य म्हणजे काय, हे त्यांच्याहून चांगले कोण सांगणार?

मी इतिहासाचा मास्तर. माणसे समजून घ्यायची तर आधी त्यांची भूमी पाहावी, ही आमची सवय. म्हणून प्रथम एका वाटेची गोष्ट सांगतो.

*

जर्मनीच्या पश्चिम भागात आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. दाट झाडी, लहरी पाऊस, दऱ्यांतून वर चढणारे धुके आणि मधोमध न्युर्बुर्ग नावाचा जुना किल्ला. हा मुलूख पूर्वी गरीब. पहिल्या महायुद्धानंतर तेथे हाताला काम नव्हते. तेव्हा या डोंगरात मोटारशर्यतींसाठी कायमची सडक बांधावी आणि त्या निमित्ताने लोकांच्या पोटापाण्याची सोय करावी, असा बेत निघाला. कलोन शहराचा तेव्हाचा महापौर कोनराड आडेनाउअर याने त्याला पाठबळ दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचा पहिला चान्सेलर झाला तो हाच. १९२५ साली काम सुरू झाले आणि १९२७ च्या जूनमध्ये सडक खुली झाली. तिचे नाव न्युर्बुर्गरिंग.

तिचा उत्तरेकडचा फेराच पावणेतेवीस किलोमीटरांहून थोडा अधिक. त्यात दीडशेहून जास्त वळणे आणि सुमारे ३०० मीटरांचा चढउतार. आपल्याकडचा एखादा अवघड घाट डोळ्यांपुढे आणा आणि त्यात समोरून वाहन येणार नाही एवढीच काय ती सवलत द्या. पुढचे वळण झाडीआड लपलेले. एका टोकाला ऊन, तर दुसऱ्या टोकाला मुसळधार पाऊस. काही उंचवट्यांवर तर गाडीची चारही चाके जमीन सोडत. ही वाट नुसती पाठ करायची म्हटले तरी वर्षे लागत. पुढे एका स्वाराने तिला 'हिरवा नरक' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

या नरकातून चार माणसे चार वेगवेगळ्या वेळी गेली. त्यांची गोष्ट ती आपली गोष्ट.

*

पहिला ताझ्यो नुवोलारी. इटलीतल्या मांतुआ शहराजवळच्या खेड्यात १८९२ साली जन्मलेला, अंगापिंडाने किरकोळ, उंचीने बेताचा. गाडीत बसला की मात्र अंगात वारे संचारल्यासारखा चालवायचा. एन्झो फेरारी याने त्याची एक आठवण सांगितली आहे. सिसिलीतल्या शर्यतीसाठी फेरारीने त्याचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले, तेव्हा नुवोलारीने त्याची थट्टा केली. शर्यतीला निघालेल्या माणसाचे परतीचे तिकीट कसले काढतोस, तो लाकडाच्या पेटीतूनही परत येऊ शकतो, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. त्या काळी स्वाराच्या डोक्यावर कापडी टोपी असे आणि कमरेला पट्टा नसे. गाडी उलटली तर बाहेर फेकले जाण्यातच जीव वाचण्याची आशा, अशी समजूत होती.

१९३५ सालच्या जुलैत न्युर्बुर्गरिंगवर जर्मनीची मोठी शर्यत झाली. हिटलरची राजवट होती आणि मोटारशर्यती ही राष्ट्राच्या प्रतिष्ठेची बाब बनली होती. मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन कंपन्यांच्या नऊ नव्या, बलदंड गाड्या रिंगणात होत्या. त्यांच्यापुढे नुवोलारीची आल्फा रोमिओ म्हणजे तरण्या घोड्यांत उभे केलेले म्हातारे तट्टू. २२ फेरे, ५०० किलोमीटरांची मजल. नुवोलारीने निम्म्या वाटेपर्यंत शर्थ करून गाडी पुढे आणली. पण इंधन भरायला थांबला तो पंपच मोडला. डब्यांनी इंधन ओतावे लागले. दोन मिनिटांहून अधिक वेळ वाया गेला आणि स्वारी सहाव्या क्रमांकावर फेकली गेली.

कोणी दुसरा असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. नुवोलारीने गाडीला अशी काही टाच मारली की फेऱ्यामागून फेऱ्यात तो एकेक जर्मन गाडी मागे टाकत गेला. शेवटचा फेरा सुरू झाला तेव्हा पुढे एकटा मान्फ्रेड फॉन ब्राउखिच उरला होता. त्याच्याकडे अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण मागून येणाऱ्या भुताच्या धाकाने त्याने टायर पार झिजवले होते. त्याच शेवटच्या फेऱ्यात टायर फुटला. लाखोंचा समुदाय आपल्या वीराची वाट पाहत होता आणि वळणावरून प्रथम आली ती इटलीची लाल गाडी. असे सांगतात की, विजेत्याच्या राष्ट्रगीताची तबकडी जर्मन संयोजकांनी आणून ठेवलीच नव्हती. नुवोलारीने स्वतःची तबकडी काढून दिली. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, ती त्या माणसाला शोभते खरी.

मागच्या बाकावरचा आमचा पोरगा हे ऐकून टाळ्या वाजवील, म्हणेल, "पाहा सर, मी काय म्हणत होतो!" त्याने थोडे थांबावे, कारण नुवोलारीची गोष्ट येथे संपत नाही. ज्याने मृत्यूला रोज हाक मारली, त्याच्याकडे मृत्यू आला तो वेगळ्याच दारातून. त्याचा थोरला मुलगा १९३७ साली आजाराने गेला, धाकटा १९४६ साली गेला. दोघेही ऐन अठराव्या वर्षी. बाप मात्र उरला. पन्नाशी ओलांडली, इंधनाच्या धुराने फुप्फुसे खराब झाली, तरी तो शर्यतीत उतरतच राहिला. शेवटी १९५३ साली आपल्या घरी अंथरुणावर मरण पावला. त्याच्या उत्तरायुष्यातल्या वेगाला धाडस म्हणावे की दुःख, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही उरत नाही, त्याच्या निर्भयपणाचा हेवा कोणी करू नये.

*

दुसरा हुआन मान्युएल फान्जिओ. अर्जेंटिनातल्या बालकार्से गावचा. आईबाप इटलीतून पोटासाठी तेथे गेलेले. हा लहानपणीच शाळा सोडून गॅरेजमध्ये काम करू लागला. शर्यतीची गाडी घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. अशा वर्गणीच्या गाडीवर ज्याची सुरुवात झाली, तो पुढे पाच वेळा जगज्जेता झाला. यंत्राशी त्याचे असे नाते होते की गाडी दुखावेल अशा रीतीने तो ती कधी चालवीत नसे. जिंकायचे, पण होईल तितक्या कमी वेगाने, हे त्याचे सूत्र. नुवोलारी हा झंझावात, तर फान्जिओ हा हिशेबी सावकार.

हा सावकार आयुष्यात एकदाच हिशेब विसरला. ४ ऑगस्ट १९५७ चा तो दिवस. न्युर्बुर्गरिंग तीच, फेरेही तितकेच, २२. फान्जिओ ४६ वर्षांचा; त्याच्यापुढे फेरारीच्या गाड्यांवर माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे विशीतले दोन इंग्रज तरुण, एकमेकांचे जिवलग मित्र. फान्जिओने आपल्या माझेरातीत अर्धेच इंधन भरले. हलक्या गाडीने आघाडी मिळवायची, मध्ये एकदा थांबून टायर आणि इंधन घ्यायचे, असा बेत होता. अर्ध्या मिनिटाच्या आसपास आघाडी मिळाली. पण थांब्यावर मेकॅनिकांची त्रेधा उडाली आणि तो बाहेर पडला तेव्हा दोघे इंग्रज पाऊण मिनिटाहून अधिक पुढे निघून गेले होते.

आणि मग फान्जिओ बदलला. जी वळणे तो एरवी खालच्या गिअरमध्ये घेई ती वरच्या गिअरमध्ये घेऊ लागला. त्या वाटेवरचा विक्रम त्याने मोडला, पुढच्या फेऱ्यात स्वतःचाच मोडला, त्याच्या पुढच्या फेऱ्यात पुन्हा मोडला. मागील वर्षीचा विक्रम ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा होता, तोही त्याचाच. त्या दिवशी त्याने तो ९ मिनिटे १७.४ सेकंदांवर आणला. जेथे एका सेकंदासाठी माणसे जीव टाकतात, तेथे त्याने २४ सेकंद काढले! एकविसाव्या फेऱ्यात त्याने कॉलिन्सला गाठले, मग हॉथॉर्नला गाठले आणि चार सेकंदांहूनही कमी अंतराने तो जिंकला. हरलेले दोघे तरुण त्याला जिंकल्याच्या आनंदाने मिठी मारायला धावले. खेळाच्या इतिहासात असे पराभूतही विरळाच.

त्यानंतर फान्जिओ काय म्हणाला, ते आमच्या वर्गाने नीट ऐकावे असे आहे. अशी गाडी आपण पूर्वी कधी चालवली नव्हती आणि पुन्हा कधी चालवू इच्छीत नाही, असे तो म्हणाला. पुढचे काही दिवस त्याला धड झोप लागली नाही. डोळे मिटले की ती वळणे दिसत. आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवलेला माणूस त्या विजयाला भ्याला! मला यात त्याचे थोरपण दिसते. आपण आपली मर्यादा ओलांडली, या खेपेला निभावले, पण हे पुन्हा मागायचे नाही, हे त्याला ऐन जयजयकारात कळले. तो त्याचा जगज्जेतेपदाच्या शर्यतींतला अखेरचा विजय ठरला. दुसऱ्या वर्षी तो निवृत्त झाला आणि १९९५ साली ८४ वर्षांचा होऊन वारला.

त्या दोन मित्रांचे काय झाले? बरोबर वर्षाने, ३ ऑगस्ट १९५८ रोजी, त्याच न्युर्बुर्गरिंगवर पुढच्या गाडीचा पाठलाग करताना पीटर कॉलिन्स सडकेबाहेर गेला आणि मरण पावला. मागून येणाऱ्या हॉथॉर्नने तो अपघात डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षी हॉथॉर्न जगज्जेता झाला. परंतु मन उडाले होते. त्याने शर्यत सोडली. १९५९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर, पावसात, त्याची मोटार घसरली आणि तोही गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

*

तिसरा जॅकी स्ट्यूअर्ट, स्कॉटलंडमधल्या एका गॅरेजवाल्याचा मुलगा. याच्याविषयी लिहिताना माझ्यातल्या मास्तराला थोडी शरम वाटते. शाळेत हा ढ गणला गेला. अक्षरे त्याच्यापुढे नाचत, वाचता येत नसे. मास्तरांनी बोल लावले, मुलांनी हसून घेतले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. त्याला अक्षरांधत्वाचा दोष आहे, हे कळले ते तो चाळिशी ओलांडल्यावर, तीन वेळा जगज्जेता झाल्यावर! ज्याला पुस्तकाचे पान पाठ होईना, त्याला न्युर्बुर्गरिंगचे प्रत्येक वळण, प्रत्येक उंचवटा तोंडपाठ होता. आपल्या वर्गांतून अशी किती पोरे मागच्या बाकांवर बसली असतील, देव जाणे.

१९६६ च्या जूनमध्ये बेल्जियमच्या स्पा येथील शर्यतीत पहिल्याच फेऱ्यात पाऊस कोसळला. गाड्या पालापाचोळ्यासारख्या उडाल्या. स्ट्यूअर्टची गाडी सडकेबाहेर जाऊन चेपली आणि तो आत अडकला. फुटलेल्या टाकीतले इंधन त्याच्या अंगावर झिरपत होते. एक ठिणगी पुरे होती. सोडवायला आले ते कोण? अधिकारी नव्हेत, डॉक्टर नव्हेत, तर ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट हे त्याच शर्यतीतले दोन स्वार, ज्यांच्या गाड्याही घसरल्या होत्या. त्यांच्याजवळ हत्यार नव्हते. एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्यांनी स्टिअरिंग सोडवले. यात पंचवीसएक मिनिटे गेली. मग त्याला उपचारांच्या जागी नेले, तेथे जमिनीवर विड्यांची थोटके पडलेली. पुढे रुग्णवाहिका निघाली ती इस्पितळाची वाट चुकली!

बरा झाल्यावर स्ट्यूअर्टने आधी एक पाना आणून आपल्या गाडीत स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवला. नंतर तो लढायला उभा राहिला. कमरेला पट्टे हवेत, पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण हवे, सडकेच्या कडेला कठडे हवेत, डॉक्टर हवेत, असे तो सांगू लागला. आज हे वाचताना वाटेल, यात विरोध करण्यासारखे काय आहे? पण विरोध झाला, आणि तोही कडवा. सडकांचे मालक रुसले, कारण कठड्यांना पैसे पडतात. पत्रकार चिडले. हा खेळातले शौर्य घालवतो आहे, भित्रा आहे, असे त्याला ऐकवले गेले.

भित्रा! या भित्र्या माणसाने ४ ऑगस्ट १९६८ रोजी न्युर्बुर्गरिंगवर काय केले ते पाहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा मित्र आणि त्या काळचा सर्वश्रेष्ठ स्वार जिम क्लार्क हॉकेनहाइमला ठार झाला होता. जिम क्लार्कसारखा निर्दोष गाडी चालवणारा मरतो तर आपली काय कथा, असे साऱ्यांना वाटले होते. न्युर्बुर्गरिंगवर त्या दिवशी पाऊस आणि धुके यांनी कहर केला होता. पुढची गाडी दिसत नव्हती, दिसे तो फक्त तिने उडवलेला पाण्याचा लोट. स्ट्यूअर्टचे मनगट दुखावलेले, त्याला आधाराची पट्टी बांधलेली. अशा स्थितीत १४ फेरे करून तो जिंकला. किती अंतराने? चार मिनिटांहून अधिक! दुसरा आला तो ग्रॅहम हिल, ज्याने त्याला स्पाला सोडवले होते. आणि या विजयानंतरही स्ट्यूअर्टचे म्हणणे बदलले नाही. 'हिरवा नरक' हे नाव त्यानेच दिले. न्युर्बुर्गरिंगला निघताना आपण घराकडे वळून पाहत असू, पुन्हा दिसेल की नाही कोण जाणे असे वाटे, असे त्याने पुढे सांगितले आहे.

जो हरतो त्याने सडकेला नावे ठेवली तर ती कोल्ह्याची द्राक्षे. जो चार मिनिटांनी जिंकतो तो जेव्हा म्हणतो की, ही सडक माणसे मारते, तेव्हा ते ऐकावे लागते. १९७० साली स्वारांनी न्युर्बुर्गरिंगवर धावायला नकार दिला. शर्यत दुसरीकडे न्यावी लागली आणि सडक दुरुस्त होऊन कठडे लागले तेव्हाच ती परत आली.

१९७३ साली स्ट्यूअर्टने मनाशी निवृत्ती ठरवली होती. बायकोलाही सांगितले नव्हते, तिने शर्यती मोजत बसू नये म्हणून. शंभरावी शर्यत ही अखेरची. तिच्या सरावात त्याचा शिष्य आणि सहकारी फ्रान्स्वा सेवेर ठार झाला. स्ट्यूअर्टने ती शर्यत केलीच नाही. ९९ वर तो थांबला. शतकाचा मोह किती मोठा असतो, हे आपल्या क्रिकेटवेड्या घरांत सांगायला नको. मित्राच्या चितेपुढे त्याला तो आकडा क्षुद्र वाटला.

*

चौथा निकी लाउडा. व्हिएन्नाच्या धनिक घराण्यातला. घरच्यांना हे खूळ मुळीच पसंत नव्हते. त्याने बँकेकडून कर्ज काढले आणि तारण म्हणून स्वतःचा आयुर्विमा ठेवला. अक्षरशः प्राण गहाण टाकले! १९७५ साली तो फेरारीच्या गाडीवर जगज्जेता झाला. त्याच वर्षी न्युर्बुर्गरिंगचा फेरा सात मिनिटांच्या आत करणारा तो पहिला ठरला.

एवढे सगळे असून १९७६ च्या शर्यतीपूर्वी स्वारांच्या सभेत उभा राहून, या सडकेवर धावू नये, असे म्हणणाराही तोच. पावणेतेवीस किलोमीटरांच्या जंगलात अपघात झाला तर मदत वेळेवर पोचत नाही, हा त्याचा मुद्दा होता. मते पडली, लाउडाची बाजू हरली. मग तो मुकाट्याने गाडीत बसला.

१ ऑगस्ट १९७६. दुसऱ्याच फेऱ्यात त्याची गाडी सडक सोडून दरडीवर आदळली, पेटली आणि परत सडकेवर आली. मागून येणारी गाडी तिच्यावर आदळली. शिरस्त्राण डोक्यावरून निघून गेलेले. मदत खरोखरच दूर होती. आगीत हात घातला तो स्वारांनीच : आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड अर्टल. मेर्झारिओने ज्वाळांत शिरून पट्टा सोडवला आणि त्याला ओढून काढले. स्पर्धा त्यांची एकमेकांशी होती; पण त्या क्षणी चौघांनीही ब्रेक लावले, गाड्या सोडल्या आणि आगीकडे धावले. माझ्या फळ्यावरच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे, असे मला वाटते.

डोके भाजले होते, विषारी धूर फुप्फुसांत गेला होता. इस्पितळात धर्मगुरूने येऊन अंत्यविधीचा आशीर्वादही दिला. आणि सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, इटलीतल्या मोन्झाला निकी लाउडा शर्यतीत उभा राहिला! जखमा भरल्या नव्हत्या, पट्ट्यांतून रक्त येई. बाहेर तो सर्वांना सांगत होता, मी ठीक आहे. पुढे त्याने कबूल केले की, पहिल्या दिवशी भीतीने आपले अंग आखडून गेले होते. रात्री त्याने विचार केला, दुसऱ्या दिवशी हळूहळू सुरुवात केली आणि शर्यतीत चौथा आला. भीती नसणे हे धैर्य नव्हे. भीतीला शेजारी बसवून गाडी चालवणे हे धैर्य.

आता गोष्टीचा कळस. २४ ऑक्टोबर १९७६, जपानमधील फुजी. हंगामातली शेवटची शर्यत. लाउडाचे ६८ गुण, इंग्लंडच्या जेम्स हंटचे ६५. सकाळपासून पाऊस आणि धुके. सडकेवर ओढे वाहत होते. सुरुवात लांबली, पण अखेर निशाण पडले. लाउडाने दोन फेरे केले, गाडी थांब्यावर आणली आणि तो उतरला. भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या. पण ते निमित्त त्याने पुढे केले नाही. फेरारीचा अभियंता माउरो फोर्गिएरी म्हणाला, इंजिन बिघडले असे सांगू. लाउडाने ते नाकारले. अशा पावसात धावणे हा वेडेपणा आहे, म्हणून मी थांबलो, एवढेच त्याने सांगितले. हंट तिसरा आला, त्याचे ६९ गुण झाले आणि एका गुणाने अजिंक्यपद गेले.

इटलीत काहींनी त्याला भ्याड म्हटले. जो माणूस जळून सहा आठवड्यांत परत आला त्याला भ्याड! आपल्या भाषेत दोन वचने शेजारी शेजारी नांदतात. एक म्हणते, आधी लगीन कोंडाण्याचे. दुसरे म्हणते, शिर सलामत तर पगड्या पचास. लहानपणी मला वाटे, पहिले वीरांचे आणि दुसरे घाबरटांचे. लाउडाने मला शिकवले की, दोन्ही एकाच माणसाची असू शकतात. मोन्झाला तो पहिले जगला आणि फुजीला दुसरे. आणि फुजीचे अधिक कठीण, कारण मोन्झाला जग टाळ्या वाजवीत होते, फुजीला तो एकटा होता. खोटे बोलून सुटण्याची वाट समोर उघडी असताना खरे सांगणे, हे तर त्याहूनही कठीण.

दुसऱ्याच वर्षी, १९७७ साली, तो पुन्हा जगज्जेता झाला. १९७९ ला सोडून गेला, १९८२ ला परत आला आणि १९८४ साली अर्ध्या गुणाने तिसऱ्यांदा जिंकला. नियती एका गुणाची परतफेड अर्ध्या गुणाने करते, असे म्हणायचे! पुढे त्याने विमानकंपनी काढली. १९९१ साली तिचे एक विमान थायलंडमध्ये कोसळून २२३ माणसे मेली. तो जागेवर गेला, चौकशीच्या पाठी लागला आणि दोष वैमानिकांचा नव्हता, यंत्राचा होता, हे विमान बांधणाऱ्यांकडून मान्य होईपर्यंत थांबला नाही. जो स्वतःच्या दोन फेऱ्यांबद्दल खोटे बोलला नाही, तो दोनशे जिवांबद्दल कसा बोलेल? २०१९ च्या मे महिन्यात तो वयाच्या सत्तराव्या वर्षी वारला.

*

लाउडाच्या अपघातानंतर जगज्जेतेपदाची शर्यत त्या पावणेतेवीस किलोमीटरांच्या वाटेवर पुन्हा कधी झाली नाही. शेजारी १९८४ साली नवी, आखूड सडक बांधली गेली. स्ट्यूअर्टने मागितलेले एकेक संरक्षण, कोणाच्या तरी मरणाने किंमत चुकवल्यावर, हळूहळू आले. १९९४ साली इमोला येथे एकाच शर्यतीच्या दोन दिवसांत रोलंड रात्सेनबर्गर आणि आयर्टन सेन्ना गेले, तेव्हा पुन्हा नियम कडक झाले. २०१८ पासून स्वाराच्या डोक्याभोवती धातूची कमान सक्तीची झाली. तिलाही अनेकांनी नाक मुरडले. रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच स्वार त्यांतलाच. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये त्याचीच गाडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि ती पेटली. २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्या कमानीने त्याचे डोके वाचवले होते आणि नंतर ते त्याने मोकळ्या मनाने कबूलही केले. १९७६ च्या आगीत कोणीतरी धावून यावे लागले. २०२० च्या आगीत मदत तर तत्पर होतीच, पण 'भित्र्या' माणसांनी पन्नास वर्षे धरलेला हट्टही आधीच तेथे येऊन उभा होता.

सुटी संपून शाळा उघडली तेव्हा मी त्या पोराला बोलावले आणि ही गोष्ट सांगितली. एका तासात संपली नाही, दोन लागले. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे सर, लाउडा ब्रेक लावून हरला." मी म्हटले, "हो." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण पुढच्या वर्षी तो होता."

एवढेच मला म्हणायचे होते. त्याने माझ्याहून नेमके म्हटले. कामावर निष्ठा म्हणजे एका दिवसात स्वतःला जाळून घेणे नव्हे. उद्याही त्या कामाला आपण असलो पाहिजे, ही त्या निष्ठेची अर्धी बाजू आहे. आणि उद्या नसण्याची पाळी आलीच, तर ती मेर्झारिओसारखी दुसऱ्याच्या आगीत हात घालताना यावी, बाके बडवणाऱ्यांसाठी नव्हे.

यंदाच्या दिवाळीत तो पोरगा भावाच्या मोटारसायकलवर बसलेला मला पुन्हा दिसला. वेग फारसा कमी नव्हता, खोटे कशाला सांगू? पण डोक्यावर शिरस्त्राण होते आणि चौकात आल्यावर त्याने ब्रेक लावला. माझ्याकडे पाहून हसला आणि गेला.